खानदेशातलं दुर्मिळ आडनाव: ते येतं कुठून आणि त्याची माणसं मोजायची कशी

आपलं आडनाव इंटरनेटवर टाकून बघायची हौस आता बहुतेकांना असते. यावल, एरंडोल किंवा शिंदखेड्याकडचा, जरा वेगळ्या आडनावाचा माणूस ते टाकतो आणि समोर आकडा येतो: या आडनावाची जगात चारशे-पाचशे माणसं. आधी बरं वाटतं, मग काळजी लागते. आपण एवढेच उरलोय का? हे नाव आलं कुठून? आणखी दोन पिढ्यांनी ते लावणारं कोणी असेल का?

या तिन्ही प्रश्नांना उत्तरं देता येतात. मात्र आधी तो आकडा नेमका कशाचा, हे पाहायला हवं. माझं म्हणणं सरळ आहे: खानदेशात आडनाव दुर्मिळ दिसलं म्हणून घराणं दुर्मिळ ठरत नाही. इथली पुष्कळ आडनावं चार-दोन मोठ्या आडनावांखाली झाकली गेली आहेत आणि मोजणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

सरकारी तक्ता कुठे आहे?

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ४२,२९,९१७, धुळे जिल्ह्यात २०,५०,८६२ आणि नंदुरबार जिल्ह्यात १६,४८,२९५ माणसं मोजली गेली. बेरीज ७९ लाखांच्या वर जाते. प्रगणकांनी घरोघरी जाऊन नावं लिहून घेतली होती. तरीही 'बोरसे किती, भिरूड किती' असा तक्ता आपली जनगणना छापत नाही. घराघरातून घेतलेली माहिती १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार गोपनीय राहते. बाहेर येतात त्या नुसत्या बेरजा, आणि त्याही वय, भाषा, धर्म, शिक्षण, काम अशा ठरलेल्या रकान्यांच्या. आडनावाची बेरीज त्यात नसते.

सगळ्या देशांत असं नाही. दक्षिण कोरियाची जनगणना आडनावांचे आकडे देते. २०१५ साली तिथे किम आडनावाची माणसं १ कोटी ६ लाखांहून जास्त होती, म्हणजे साधारण दर पाच माणसांत एक. अमेरिकेचं जनगणना खातं निदान १०० माणसांनी लावलेली आडनावं जाहीर करतं. २०१० च्या यादीत अशी १,६२,२५३ आडनावं होती आणि आपल्या शेजारच्या गुजरातचं पटेल त्यात ९५ व्या क्रमांकावर होतं. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट २००० सालच्या त्यांच्या मोजणीत आहे. तेव्हा वेगवेगळी म्हणून साठ लाख आडनावं निघाली आणि त्यातल्या सुमारे ६५ टक्के आडनावांचं देशभरात एकेकच माणूस सापडलं. एवढी चाळीस लाख एकटी घराणी एका देशात असतील कशी? त्यातली कितीतरी नावं लिहिताना चुकलेली किंवा यंत्राने वाचताना बिघडलेली होती. म्हणजे मोठ्या यादीत जे अगदी दुर्मिळ दिसतं, त्यात खरोखरचं दुर्मिळ थोडं आणि चुकून तयार झालेलं फार.

भारतातल्या आडनावांचे आकडे देणारी संकेतस्थळं मतदारयाद्या, टेलिफोनच्या याद्या, परीक्षांचे निकाल असं जे हाती लागेल त्यावर काम करतात. एखाद्या भागाची यादी मिळाली की त्यातलं प्रमाण काढायचं आणि एकूण लोकसंख्येने गुणायचं, अशी साधारण रीत. पाटील किंवा चौधरी अशा आडनावांना ती बऱ्यापैकी चालते. दुर्मिळ आडनावाच्या बाबतीत ती दोन्हीकडून फसते. का, ते खाली येईलच.

रोमन लिपीत काय होतं

या बहुतेक याद्या रोमन लिपीत असतात आणि पहिली फोडाफोड तिथेच होते. 'झोपे' हे नाव कोणी झेडने सुरू करतं, कोणी जे-एचने. 'फेगडे' कोणाच्या आधार कार्डावर एफने आहे, तर त्याच्याच चुलतभावाच्या दाखल्यावर पी-एचने. 'भिरूड' मधला दीर्घ ऊ कोणी एका यूने लिहितं, कोणी दोन ओंनी. समजा एका आडनावाची एकूण सहाशे माणसं आहेत. त्यांची चारशे, दीडशे आणि पन्नास अशी तीन 'आडनावं' होतात आणि पन्नासवाल्याला वाटतं की आपण नामशेष व्हायला आलो.

उलटंही घडतं. ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल, ण आणि न हा फरक रोमन लिपीत पुसला जातो. 'भोळे' आणि 'भोले', 'बोंडे' आणि 'बोंदे', 'राणे' आणि 'राने' एकाच ढिगात पडतात. तिथे दोन घराणी एक होऊन संख्या फुगते.

देवनागरीत शोधलं तरी खानदेशाच्या माणसाला एक अडचण उरतेच, कारण आपली माणसं तीन राज्यांत पसरलेली आहेत. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या काळात खानदेशाचा कारभार तिथूनच चालायचा. रावेरपासून ते हाकेच्या अंतरावर आहे आणि सोयरिकी आजही होतात. तिथली मतदारयादी हिंदीत असते आणि हिंदी लिहिणारा ळचा सहज ल करून टाकतो. 'भंगाळे' तिथे 'भंगाले' होतो. सुरतेच्या लिंबायत, उधना भागात कापडाच्या कामासाठी गेलेले खानदेशी आहेत. त्यांची नावं गुजराती लिपीत सापडतील. नुसती जळगावची यादी चाळून 'आमची एवढीच माणसं' म्हणणाऱ्याने ही दोन्ही ठिकाणं सोडलेली असतात.

पाटलाच्या आड कोण?

आता मुद्द्याची गोष्ट. खानदेशात कोणाला आडनाव विचारा, 'पाटील' हे उत्तर किती वेळा येतं ते सांगायला नको. मराठा, लेवा, गुजर, राजपूत अशा वेगवेगळ्या समाजांत पाटील आहेत आणि त्यांचा एकमेकांशी नात्याचा संबंध नाही. पाटीलकी हे गावचं वतन होतं. वसूल गोळा करणं, गावाच्या वतीने सरकारशी बोलणं ही त्याची कामं, आणि वतन वंशपरंपरेने चालायचं. वतनात ज्यांचा वाटा, ते सगळे भाऊबंद पाटील लावू लागले, मग प्रत्यक्ष काम एकाच घराकडे का असेना. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रात मुलकी पाटलांचं पद गेलं. आडनाव मात्र तोवर शाळेच्या दाखल्यावर पक्कं होऊन बसलं होतं.

चौधरी आणि महाजन हीही मुळात मानाची, कामाची नावं. बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोद्याचं, महाजनांचं. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे आल्या. एका मानाच्या नावातून दुसऱ्या मानाच्या नावात. आडनाव मोजणाऱ्याच्या हाताला या दोन्हींतून त्या घरांचं मूळ काहीच लागत नाही.

याशिवाय समाजाचं नावच आडनाव म्हणून लावणारे खानदेशात खूप आहेत: माळी, कोळी, भोई, शिंपी, मराठे, तडवी, भिल. सातपुड्यात, अक्राणी, शहादा, शिरपूर या भागांत शाळेच्या हजेरीत अख्खा वर्ग 'पावरा' असू शकतो. त्या मुलांच्या घरात मात्र प्रत्येकाचं कूळ वेगळं असतं आणि लग्न ठरवताना तेच पाहिलं जातं.

कूळ टिकलं ते याच कारणाने. दोन पाटलांच्या घरांत सोयरीक खुशाल होते, पण दोघांचं कूळ एक निघालं तर बोलणी तिथेच थांबतात. म्हणून अहिराणीत पहिला प्रश्न असतो, "तुम्हनं आडनाव काय शे?" आणि लगेच दुसरा, "पाटील ते ठीक शे, पन कूळ कोनतं?" तेव्हा बोरसे, भदाणे, निकम, देवरे, भामरे, सोनवणे, पवार अशी नावं बाहेर येतात. ज्याच्या आजोबांनी दाखल्यावर कूळ लिहिलं तो भदाणे राहिला; त्यांच्याच सख्ख्या भावाने पाटील लिहिलं, तो पाटलांच्या समुद्रात गेला. आज दोन्ही घरांत भाऊबंदकी चालते, सुतक पाळलं जातं. आकड्यात मात्र एकच घर येतं.

म्हणून खानदेशात एखाद्या आडनावाची माणसं मोजायची तर दोन संख्या काढाव्या लागतात: कागदावर ते नाव लावणारी माणसं, आणि ते कूळ सांगणारी माणसं. पहिली यादीतून मिळते. दुसरीसाठी माणसांतच बसावं लागतं, आणि माझ्या मते खरी लोकसंख्या तीच आहे.

बायकांची मोजणी हा आणखी एक गुंता. मतदारयादीत एखाद्या आडनावाच्या जेवढ्या बायका दिसतात त्यातल्या बहुतेक सुना असतात. त्या घरात जन्मलेल्या मुली दुसऱ्या आडनावाखाली गेलेल्या असतात. क्वचित उलटं दिसतं: नाडगावात जन्मलेल्या, पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभा पाटील यांचे पती देवीसिंह शेखावत, पण त्यांनी पाटील हेच आडनाव ठेवलं. अशी उदाहरणं थोडी. तेव्हा 'या आडनावाची दोनशे माणसं' म्हणताना जवळजवळ निम्मी बाहेरून आलेली आणि तेवढीच बाहेर गेलेली धरायची असतात.

नाव ऐकून मूळ सांगता येतं का?

थोडं येतं. गावावरून आलेली आडनावं सगळ्यांत सोपी. यावलकर, एरंडोलकर, भडगावकर, अमळनेरकर, पारोळेकर: यांत गाव उघडच दिसतं. पण इथेही एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. यावलातच राहणाऱ्या माणसाला यावलकर म्हणून कोण हाक मारणार? तिथे सगळेच यावलचे. ते नाव पडतं गाव सोडल्यावर, परक्या ठिकाणी. झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर संविधान सभेत होते. त्यांचं आडनाव धुळ्याचं, सारं सार्वजनिक आयुष्य झाशीत. म्हणून गावावरून पडलेलं आडनाव त्याच गावात शोधलं तर ते दुर्मिळच दिसणार आणि दूरच्या शहरांत जास्त सापडणार. शिवाय यावल सोडून गेलेला सोनारही यावलकर झाला असेल आणि ब्राह्मणही. आडनाव एक, मुळं अनेक.

दुसरा प्रकार राजघराण्यांशी जोडलेल्या नावांचा. इथे खानदेशाकडे खरोखर भक्कम पुरावे आहेत, म्हणून जरा थांबून बघू. चाळीसगावजवळ पाटण इथे, पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख आहे, शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सन १२०६-०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची हकीकत त्यात आहे, आणि त्या मठाला देणगी देणारे राजे निकुंभ वंशाचे होते. आज खानदेशात निकम आहेत आणि निकुंभही आहेत. त्याच तालुक्यातल्या वाघळीच्या शिलालेखात, शके ९९१ म्हणजे १०६९ साली, यादवांचा मांडलिक असलेला मौर्य घराण्यातला गोविंदराज भेटतो. मोरे घराणी आपलं नातं मौर्यांशी सांगतात. अहिरराव हे नाव आभीरांकडे बोट दाखवतं आणि आभीर राजा ईश्वरसेन याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे.

यातून काय सिद्ध होतं? निकुंभ नावाचं घराणं आठशे वर्षांपूर्वी इथे राज्य करत होतं, हे सिद्ध होतं. आजच्या एखाद्या निकम घराण्याची वंशावळ त्या पाटणच्या लेखातल्या सोईदेव या निकुंभ राजापर्यंत सलग जाते, हे त्यातून सिद्ध होत नाही. मधे तीसेक पिढ्या आहेत. राजाच्या पदरी असलेल्यांनी, त्याच्या मुलखात राहणाऱ्यांनी त्याचं कूळ घेतल्याचीही शक्यता असते. मला यात कमीपणा काही वाटत नाही. आपल्या आडनावाचा उच्चार त्या दगडावर कोरलेल्या अक्षरांशी जुळतो ही गोष्ट स्वतःच केवढी मोठी आहे! पाटणादेवीला गेलात तर तो लेख जरूर बघा.

मूळ गावाच्या परंपराही ऐकायला मिळतात: लेवा समाजात गुजरातेतून, पावागडाकडून आल्याची, राजपूत घराण्यांत राजस्थान-माळव्याकडून आल्याची. परंपरा म्हणून त्या लिहून ठेवाव्यात, आणि कोणी सांगितली, कधी सांगितली हेही सोबत लिहावं.

नाव आपोआप का विरळ होतं

आता थोडं गणित. भीती वाटू देऊ नका, एक नाणं पुरे.

समजा एका गावात शंभर घरं आहेत आणि प्रत्येकाचं आडनाव वेगळं. प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं होतात. प्रत्येक वेळी मुलगा की मुलगी हे नाणेफेकीसारखं. आडनाव मुलाकडून पुढे जातं. दोन्ही मुली होण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे पहिल्याच पिढीत शंभरातली सरासरी २५ आडनावं थांबतात. दुसऱ्या पिढीअखेर थांबलेली आडनावं ३९, तिसऱ्या अखेर ४८, चौथ्या अखेर ५५ आणि पाचव्या अखेर ६०. गावाची लोकसंख्या सरासरीने तेवढीच राहिली, कोणी गाव सोडलं नाही, दुष्काळ नाही, रोगराई नाही. तरी सव्वाशे-दीडशे वर्षांत शंभरातली साठ आडनावं गेली. उरलेल्या चाळिसांत तीच शंभर घरं वाटली गेली, म्हणून काही आडनावं मोठी झाली. त्यांनी वेगळं काही केलं नव्हतं. नाणं त्यांच्या बाजूने पडलं, इतकंच.

हा प्रश्न इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ साली जाहीरपणे विचारला आणि हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने त्याचं उत्तर मांडलं. दोघांचा लेख १८७४ साली आला. फ्रान्समध्ये बिएनेमे यांनी १८४५ सालीच हे ओळखलं होतं. सगळीच आडनावं शेवटी नष्ट होतील असं वॉटसन म्हणाले, ते चुकलं. दर बापामागे पुढे वंश चालवणारे मुलगे सरासरी एकाहून जास्त असतील तर नाव कायम टिकण्याची काही शक्यता उरते. सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल तर उशिरा का होईना, ते संपतं. आज बहुतेक घरांत एक-दोनच मुलं असल्याने हे गणित आपल्या दाराशी आलं आहे.

यात एक दिलासाही आहे. एकाच घराचं आडनाव पाच पिढ्यांत संपण्याची शक्यता ६० टक्के असली, तरी त्याच आडनावाची दहा घरं असतील तर सगळी दहाच्या दहा संपण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी भरते. म्हणजे धोका असतो तो दोन-चार घरांच्या आडनावाला. पन्नास घरांच्या आडनावाला 'दुर्मिळ' म्हणा, 'धोक्यात' म्हणू नका.

प्रत्यक्षात खानदेशाने १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पाहिला, प्लेग पाहिला, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ पाहिली. एकाच वस्तीत राहणाऱ्या छोट्या भाऊबंदकीला अशा एका वर्षात मोठा फटका बसू शकतो, आणि नाणेफेकीच्या हिशेबात तो धरलेला नाही. दुसऱ्या बाजूला दत्तकाची प्रथा नाव राखत आली. घरजावयाने शेत राखलं तरी त्याचं आडनाव बहुधा त्याचंच राहिलं.

स्वतः मोजायचं तर

मतदारयादी सगळ्यांना उघडी असते आणि महाराष्ट्रात ती मराठीत मिळते, हा मोठा फायदा. मतदान केंद्रांप्रमाणे तिचे भाग असतात. आपलं गाव, आजोळ नव्हे, आणि आजूबाजूची दहा-पंधरा गावं चाळली तरी खूप कळतं. समजा तुम्हाला २४० मतदार सापडले. अठरा वर्षांखालची मुलं यादीत नसतात. एकूण माणसांत ती पाव ते एक तृतीयांश धरली तर खरी संख्या ३२० ते ३६० च्या दरम्यान येते. 'तीनशे त्रेचाळीस' असा नेमका आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका; असा अंदाज नेहमी 'इतके ते इतके' असाच असतो. मयत झालेल्यांची न वगळलेली नावं आणि पुण्या-नाशकाला गेलेल्यांची दोन ठिकाणी राहिलेली नावंही वजा करायची.

नमुना घेऊन मोजणाऱ्यांसाठी एक छोटा नियम सांगतो, फार कामाचा आहे. समजा खानदेशातल्या ७९ लाखांतून एक लाख माणसांची यादी तुम्ही तपासली आणि तुमचं आडनाव एकदाही आलं नाही. म्हणजे ते शून्य आहे का? नाही. संख्याशास्त्र सांगतं की एकही न सापडल्यास खरं प्रमाण 'तीन भागिले तपासलेली माणसं' इथपर्यंत असू शकतं, आणि हे विधान शंभरात ९५ वेळा बरोबर येतं. लाखात तीन म्हणजे ७९ लाखांत सुमारे २३७. शून्य दिसलं तरी दोन-सव्वादोनशे माणसं असू शकतात. इंटरनेटवरचे दुर्मिळ आडनावांचे आकडे इतके डळमळीत का, ते इथे दिसतं: एखादं माणूस जास्त किंवा कमी सापडलं की गुणाकारात ऐंशी माणसं इकडची तिकडे होतात.

त्यातही हा नियम माणसं सरमिसळ पसरलेली आहेत असं धरून चालतो. आपल्याकडे तसं नसतं. भाऊबंद एकाच गावात, बहुतेकदा एकाच गल्लीत राहतात. यावल तालुक्यात दोन शेजारची गावं घ्या: एकात एखाद्या आडनावाची तीस घरं, दुसऱ्यात एकही नाही. नमुन्यात पहिलं गाव आलं तर आडनाव गजबजलेलं वाटतं, दुसरं आलं तर नाहीसं. म्हणून दुर्मिळ आडनावासाठी नमुना घेऊच नये. गावं शोधावीत आणि ती पूर्ण मोजावीत.

मागे जाताना

कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून जुनी कागदपत्रं पाहणाऱ्यांची संख्या वाढली. कोतवाल बुक, गाव नमुना १४ (दोन्ही गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या), मोडी वाचणारा माणूस हे शब्द घराघरांत पोचले. आडनाव शोधणारा मोठ्या आशेने ते बाड उघडतो आणि बघतो तर तिथे आडनावच नाही! 'रामा वल्द गोविंदा', पुढे जात, पुढे गाव. बाईची नोंद 'सखू कोम रामा'. वल्द म्हणजे बाप अमुक, कोम म्हणजे नवरा अमुक. सरकारला माणूस ओळखायला तेवढं पुरत होतं. आडनाव ठरलेल्या जागी लिहायची सक्तीची सवय शाळा, पोलीस-लष्कराची भरती, कोर्ट आणि नोकऱ्या यांनी लावली. म्हणून ते नोंदीत नाही याचा अर्थ तेव्हा नव्हतं असा घेऊ नका. घरात कूळ होतं. कागदाला त्याची गरज नव्हती.

अशा वेळी आडनावाऐवजी बापाचं आणि गावाचं नाव धरून मागे सरकायचं. जिल्ह्यांच्या वाटण्या ध्यानात ठेवा: १९०६ पर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा होता आणि मुख्य ठाणं धुळ्याला. नंतर पूर्व (आजचा जळगाव) आणि पश्चिम (पुढचा धुळे) असे दोन झाले, आणि नंदुरबार धुळ्यापासून १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. रावेरच्या पणजोबांचा एखादा जुना कागद धुळ्यात निघाला तर नवल नाही. धुळ्यातच १९२६ साली इतिहासाचार्य राजवाडे वारले आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळात जुन्या कागदांचा मोठा संग्रह आहे.

माझा सगळ्यांत भरवसा मात्र दोन वह्यांवर आहे. एक भाटांची. गुजर, लेवा, राजपूत घरांत पिढ्यानपिढ्या येणाऱ्या भाटांच्या वह्यांत कुळाप्रमाणे वंशावळ उतरवलेली असते. दुसरी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी. तिथे दशक्रियेला किंवा विधीला गेलेल्यांनी आपलं नाव, गाव, भाऊबंद, मुलंबाळं सांगून लिहून घेतलेली असतात आणि उपाध्याय गावाप्रमाणे, कुळाप्रमाणे ती लगेच काढून देतात. दाखल्यावर पाटील लावणाऱ्यांचं कूळ तिथे सापडू शकतं, कारण ते माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असतं. जाताना गावाचं जुनं नाव, तालुका आणि आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या. आणि निघण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्क आत्याला विचारून घ्या. लग्न होऊन ती दुसऱ्या आडनावात गेली असली तरी माहेरच्या कुळाच्या कोणत्या गावांत किती घरं आहेत, कोण सुरतेला गेलं, कोणी पाटील लावायला सुरुवात केली आणि कोणाचं घर पोरींवर थांबलं, हे तिला तोंडपाठ असतं. तिने सांगितलेली गावं वहीत उतरवून घेतली की मतदारयादीचे नेमके कोणते भाग उघडायचे ते ठरतं.